वीतभर उंचावर

मोठेबाबा गेले ते कलमांच्या दिवसांत, भर थंडीत. ते जन्मले तेव्हा आमचं तिगाव मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं, राजधानी नागपूर. 1956 साली नागपूर निघून गेलं, आमचा छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली त्यातून पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला. एवढं सगळं घडलं, पण त्यांची ओसरी होती तिथंच होती. मृत्यूचा दाखला हिंदीत आला. शेताच्या फौतीचे कागदही हिंदीतच भरायचे.

अस्थी मुलताईला नेल्या. तापीत हाडंही विरघळतात, अशी आमच्याकडची श्रद्धा. तेरवीला पाहुण्यांच्या तोंडी एकच शब्द, देवमाणूस. मला काही तो पटेना. माणूस तापट आणि चिकट. मजुरी देताना नोटा दोनदा मोजायचे, आणि मोठ्या आईला भाजीसाठीसुद्धा पैसे मागावे लागायचे. गेलेल्या माणसाला असं धुऊन-पुसून देव करणं मला जरा अन्यायाचंच वाटतं; त्यात तो माणूसच उरत नाही.

दुसऱ्या दिवशी मोठेबाबांच्या रोपवाटिकेत गेलो. त्यांच्या हाताखाली शिकलेला गडी जंभेरीच्या खुंटांवर संत्र्याचे डोळे भरत बसला होता. आधी वीत ठेवून उंची बघायचा, मग सालीत उभी-आडवी चीर, चाकूच्या बोथट टोकानं साल अलगद उचलायची, डोळा आत सरकवायचा, वरून प्लास्टिकची पट्टी. चाकू धोतराला पुसायची मोठेबाबांची लकब त्यानं पँटवर चालवली होती.

"बाबाजी लय शिव्या देत, भाऊ," तो म्हणाला. "पन वीतभराच्या खाली डोळा भरू देत नोहोते."

कारण साधं आहे. जोड जमिनीलगत आला की पावसाळ्यात ओल्या मातीशी त्याचा संबंध येतो, बुरशी शिरते आणि झाडाला डिंक्या लागतो. गिऱ्हाईक रोप नेतं तेव्हा त्याला यातलं काही दिसत नाही. झाड बसतं ते पुढं काही वर्षांनी, दुसऱ्याच्याच शेतात. तेव्हा रोप विकणाऱ्याला कोण विचारायला येतो? तरी नोटा दोनदा मोजणारा हा माणूस खाली बांधलेली कलमं उपटून बांधावर फेकायचा. विकता आली असती, सगळीच्या सगळी. हे तेरवीच्या पंगतीत कुणी बोललं नाही. कदाचित कुणाला माहीतच नसावं.

कपाटाची किल्ली आता मोठ्या आईच्या कमरेला असते. परवा दारात भाजीवाली आली. मोठ्या आईनं कपाट उघडलं, पैसे हातात घेतले आणि दादाकडं वळून विचारलं, "वीस रुपये घेऊ का रे?"

"तुहेच हायेत ना माय," दादा म्हणाला.

"हाव. पन घेऊ ना?"