जुना पास्कल, नवा मख्शेव

विंडोज 10 च्या नेहमीच्या दुरुस्त्या ऑक्टोबर 2025 मध्ये थांबल्या, तेव्हा आम्ही उभयतांनीही विंडोज 11 चा नवा मख्शेव घेतला. जुन्या फायली त्यात घातल्या आणि गावांची यादी उघडायला गेलो, तर पाटी आली: हा प्रोग्राम इथे चालणार नाही!

ही यादी कसली, तर 1993 पासून तीन वर्षे आम्ही दिमोना, लोद, अश्दोद इथे घरोघर हिंडून वडीलधाऱ्यांना त्यांचे कोकणातले गाव विचारले होते. पेणकरांचे पेण, रोहेकरांचे रोहा हे कोणीही सांगेल. पण ज्यांनी इथे येऊन आडनाव बदलले, त्यांचे गाव त्यांच्याच तोंडून घ्यावे लागले. आज त्यांतले फार थोडे उरलेत. प्रोग्राम आमचाच, टर्बो पास्कलमधला. जागा वाचावी म्हणून आम्ही शहाण्यांनी गावांना नंबर दिले होते. फाइल दुसरीकडे उघडली तर नावे दिसत, गावांच्या जागी कचरा.

टेखनाई म्हणाला, "आजोबा, फेकून द्या." त्या रात्री आम्हा दोघांनाही झोप नाही.

दोष कोणाचाच नव्हता. टर्बो पास्कल 16 बिटचा. जुन्या मशीनवर 32 बिटची विंडोज होती, तिच्यात डॉसची सोय मिळे. 64 बिटमध्ये ती नाही, आणि विंडोज 11 फक्त 64 बिटमध्येच येते. कम्पॅटिबिलिटीची सगळी बटणे आम्ही उगाच दाबत बसलो. शेवटी नातवाने डॉसबॉक्स उतरवून दिला. हा मख्शेवच्या पोटातला लुटुपुटीचा डॉस मख्शेव. माउंट आज्ञेने फोल्डर जोडले, आणि तो जुना निळा पडदा समोर आला! बाईसाहेबांनी चहा टाकला.

पण छापायला गेलो तर कागद येईना. साध्या डॉसबॉक्सला प्रिंटरच नसतो. नशीब, मूळ प्रोग्राम जपून ठेवला होता. प्रिंटरकडे जाणारे सगळे एका साध्या टेक्स्ट फाइलकडे वळवले. दोन ओळींचे काम, त्यात दोन संध्याकाळी गेल्या, कारण एफ नाइन दाबले की दर वेळी कुठेतरी अर्धविराम राहिलेला! तिसऱ्या दिवशी नाव आणि गाव शेजारी शेजारी, नोटपॅडमध्ये.

आता यादी कागदावर आहे, एक प्रत मुलीकडे दिली आहे. अक्षरे रोमन आहेत, ती मराठीत उतरवायला कोणी तरुण हात मिळाले तर हवेत. आजोबांचे गाव पाहायचे असेल त्यांनी संध्याकाळी सहानंतर फोन करावा.