मॅच केव्हा हाय, भाऊ?

वऱ्हाडी माणूस घराबाहेर पडत नाही, असं कुणी निदान अकोल्यात तरी म्हणू नये. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी घेऊन कावडी राजराजेश्वराकडे निघतात, तेव्हा सुमारे 18 किलोमीटरच्या त्या वाटेवर पाय ठेवायला जागा नसते. तिकडे अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरला की आजूबाजूची गावं ओस पडतात. हिवाळ्यात खेडोपाडी खुले कबड्डी सामने होतात. त्यांना माणसं मफलर गुंडाळून, शेकोट्या पेटवून मध्यरात्र उलटेपर्यंत बसतात. आणि याच दोन जिल्ह्यांत फुटबॉलचा चांगला चुरशीचा सामना दोन्ही संघांचे राखीव गडी, चार पालक आणि कडेला चरणारी एखादी गाय, एवढ्यांच्या साक्षीनं संपतो.

मी शारीरिक शिक्षणातला माणूस. मैदान आखणं, फक्की मारणं, पंचगिरी करणं आणि स्पर्धांची वेळापत्रकं बसवणं यात माझी उमेदीची वर्षं गेली. बैठकीत गर्दीचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर येतं, ‘आपल्याकडे फुटबॉलची आवडच नाही.’ मला ते पटत नाही. 2022 च्या डिसेंबरात अर्जेंटिना आणि फ्रान्स अंतिम सामन्यात भिडले, तेव्हा इथली किती घरं रात्री जागी होती! मोहल्ल्यातली पोट्टी मेस्सीचा दहा नंबर आणि रोनाल्डोचा सात नंबर पाठीवर घेऊन फिरतात. दोघेही त्यांना पडद्यावर भेटतात. अडचण आहे ती पडद्यापासून मैदानापर्यंतच्या वाटेत.

एवढी वर्षं बघून माझं एक मत पक्कं झालं आहे. स्थानिक सामन्याला माणूस दोन कारणांनी येतो. एक, मैदानात त्याचं कुणीतरी असतं. दोन, सामना कधी आहे हे त्याला विचारावं लागत नाही. खेळाचा दर्जा, रोषणाई, जाहिरात या सगळ्यांचा नंबर त्यानंतर लागतो.

आवाहनानं गर्दी होत नाही असं नाही. 1 जून 2018 ला मुंबईत अंधेरीच्या मैदानावर भारतानं चिनी तैपेईला 5-0 असं हरवलं, तेव्हा प्रेक्षक होते 2,569. दुसऱ्या दिवशी कर्णधार सुनील छेत्रीनं चित्रफीत टाकून अक्षरशः हात जोडले. शिव्या द्या, टीका करा, पण मैदानात या, अशी विनवणी केली. 4 जूनला केनियाविरुद्धच्या सामन्याची तिकिटं संपली आणि धो धो पावसात 8,990 माणसं बसून राहिली. पण असं आवाहन एकदाच लागू पडतं, आणि तेही छेत्रीनं केलं तर. त्याआधीच्या वर्षी, 17 वर्षांखालील विश्वचषकाच्या तोंडावर, महाराष्ट्र सरकारनं एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा संकल्प सोडला होता. असे दिवस साजरे होतात, वर्तमानपत्रात फोटो येतात. पुढच्या रविवारी मुलांनी कुठं जायचं, हे मात्र कुणी ठरवलेलं नसतं.

ते ठरलेलं कुठं असतं हे बघायचं तर कोल्हापूरला जावं. तिथं संघांची नावं वाचूनच अर्धं गणित सुटतं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ. कुस्तीच्या तालमींनी आणि पेठांतल्या मंडळांनी फुटबॉल आपलासा केला. ज्या तालमीत आजोबांनी जोर मारले, तिच्याच नावाची जर्सी नातू घालतो. त्यामुळे मंगळवार पेठेचा पाटाकडील आणि शिवाजी पेठेचा शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठेतला माणूस फुटबॉल बघायला निघालेला नसतो, तो आपल्या पेठेबरोबर निघालेला असतो. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन 1940 पासून हा कारभार बघते. छत्रपती शाहू स्टेडियमवर आधी साखळी स्पर्धा होते, तिच्या मागोमाग वेगवेगळे चषक येतात, हंगाम महिनोन्‌महिने चालतो. 2017 च्या त्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

आमच्याकडे तालमी नव्हत्या का? अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 चं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकानं जगापुढं भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं केली. इथून शिकून गेलेले क्रीडाशिक्षक देशभर भेटतात. पण आपण खेळ करणारा घडवला, बघणाऱ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्याला आपण सतरंजीवर बसवून भाषण ऐकवलं.

आता वेळापत्रकाकडे येतो, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथं आहे. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या. सोळा संघ बोलावले की पंधरा सामन्यांत निकाल लागतो. चार-पाच दिवसांचा मांडव, एक उद्घाटन, एक बक्षीस समारंभ, काम तमाम. आयोजकाला हे सोयीचं पडतं. पण प्रेक्षकाच्या बाजूनं बघा. पहिल्याच फेरीत आठ संघ घरी जातात, आणि त्यांच्याबरोबर आठ वस्त्यांची माणसंही. मोर्शीचा संघ सकाळी हरला, तर मोर्शीचा माणूस परतवाडा आणि बाळापूरची उपांत्य फेरी कशाला बघेल? म्हणजे स्पर्धा जसजशी रंगत जाते, तसतसे प्रेक्षक आपणच कमी करत जातो.

त्याऐवजी आठच संघ घ्या आणि साखळी लावा. एकूण 28 सामने. दर आठवड्याला चार, दोन शनिवारी आणि दोन रविवारी. सात आठवड्यांत प्रत्येक संघ सात वेळा मैदानात उतरतो. हरलेल्याला पुढच्या आठवड्यात उट्टं काढायची संधी असते, गुणतक्ता असतो आणि चहाच्या टपरीवर बोलायला विषय असतो. दिवाळीनंतर सुरुवात केली तर संक्रांतीच्या आत हंगाम आटोपतो. आयपीएलशी टक्कर नाही, परीक्षा दूर आणि ऊनही सोसवतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी मैदानात बसा म्हणणं हा प्रेक्षकाचा छळ आहे.

मग वेळ. डिसेंबरात आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नव्वद मिनिटं खेळ आणि पंधरा मिनिटं मध्यंतर धरलं, तर सामना चारच्या ठोक्याला सुरू झालाच पाहिजे. कामाच्या दिवशी चारला दुकानदार गल्ल्यावर असतो, मजूर कापूस वेचत असतो, पोरं शाळेत असतात. म्हणून शनिवार-रविवारच धरायचा. आणि चार म्हणजे चार. आपल्याकडे कुणी विचारतं, ‘मॅच केव्हा हाय, भाऊ?’ उत्तर मिळतं, ‘पाव्हणे आले की सुरू.’ मी एका स्पर्धेत शिट्टी हातात धरून पाऊण तास उभा होतो. खेळाडू दोनदा वॉर्मअप करून दमले. पाहुणे आले, शाल-श्रीफळ झालं, क्रीडासंस्कृतीवर तीन भाषणं झाली आणि कुंपणाशी उभी असलेली माणसं एकेक करून सायकलीला पाय मारून गेली. ती पुन्हा आली नाहीत. पाहुण्यांचा सत्कार मध्यंतरात करावा, बसल्या जागी, दोन मिनिटांत. वक्तशीर पाहुण्याला त्याचा राग येत नाही.

रात्री सामने का नाहीत, हा प्रश्न नेहमी येतो. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटरचं, म्हणजे 130 चौरस मीटर. फुटबॉलचं साधारण 100 बाय 64 धरलं तर 6,400. जवळजवळ पन्नासपट जागा उजळायची तर खर्च गावाच्या आवाक्यात राहत नाही. यावर मलबारनं तोड काढली आहे. केरळच्या मलप्पुरम भागात सात-सात खेळाडूंच्या सामन्यांचा हंगाम असतो. मैदान लहान, भोवती तात्पुरत्या गॅलऱ्या, वर दिवे आणि रात्री तुडुंब गर्दी. आपल्याकडे उन्हाळ्यात, उन्हं उतरल्यावर हा प्रकार सहज चालेल. मात्र बांबू-फळ्यांच्या गॅलरीचा मोह आवरावा. 2022 च्या मार्चमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातच अशी एक गॅलरी कोसळून शेकड्यांनी माणसं जखमी झाली. मातीचा उतार करून त्यावर बसवलेली माणसं केव्हाही सुरक्षित.

पैशाचं काय? देणगीदार आपल्याकडे कमी नाहीत. कबड्डीच्या फलकावर प्रत्येक बक्षिसाखाली कुणाच्या तरी स्मरणार्थ लिहिलेलं असतंच. पण मोठं बक्षीस ठेवलं की संघ बाहेरून तयार गडी आणतात. सामना देखणा होतो, पण गावाच्या जर्सीत गावचं कुणीच उरत नाही. माझा आग्रह असा, की बक्षीस आटोपशीर ठेवावं, अकरांत बाहेरचे दोनच, असा नियम करावा आणि देणगीदाराला एकेक रविवार द्यावा. त्या दिवशीचं पाणी, सावली, खुर्च्या, रुग्णवाहिका, रेफ्रीचं मानधन त्याच्या नावानं. स्मरण राहतं आणि हंगामही उभा राहतो.

माइकवर कोण बसतो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. शंकरपटात निवेदक जोडीचं नाव घेतो, मालकाचं घेतो, गावाचं घेतो, मग घड्याळाचे सेकंद पुकारतो. बैल गावाचा होतो तो त्या पुकाऱ्यानं. न्यायालयाच्या निर्णयामुळे 2014 पासून डिसेंबर 2021 पर्यंत शर्यती बंद होत्या, तरी पट पुन्हा सुरू झाले तेव्हा लोक परतले, कारण जोड्या, मालक आणि गावं त्यांच्या तोंडात होती. आमच्या फुटबॉलमध्ये मात्र पाठीवर नुसता नंबर. ‘हा पाच नंबरचा बॅक, वलगावचा, बाप ऑटो चालवतो, कालच नाइट ड्यूटी करून आला,’ एवढं वऱ्हाडीत सांगितलं की अनोळखी माणूसही त्या पोट्ट्यासाठी ओरडू लागतो. क्रिकेटनं आपल्याला अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे ही नावं दिली, म्हणून आयपीएल घरची वाटते. फुटबॉललाही नावं पाहिजेत. वर्तमानपत्राला धाडलेल्या बातमीत अकरा मान्यवरांची नावं असतात आणि गोल कुणी केला ते नसतं. उलट करा. रात्री आठच्या आत निकाल, गोल करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि त्याची वस्ती, एवढंच पाठवा. मुलाचं नाव छापून आलं की ते कात्रण घरोघर फिरतं. तेवढी जाहिरात फलकानं होत नाही.

बायका आणि मुलं आली नाहीत तर गर्दी कधीच दुप्पट होणार नाही. त्यासाठी भाषण नको, स्वच्छ शौचालय पाहिजे, सावलीतल्या खुर्च्या पाहिजेत आणि शिवीगाळ करणाऱ्याला बाहेर काढणारा स्वयंसेवक पाहिजे. पहिला सामना पावणेदोनला आणि दुसरा चारला लावला तर मध्ये अर्धा तास मिळतो. त्यात शाळकरी मुलामुलींचा सात-सातचा सामना घ्या. चौदा लेकरं म्हणजे त्यांचे आईबाप, आजी, धाकटी भावंडं. ती पुढच्या सामन्याला उठून जात नाहीत.

आपलेपणाला धार असते, हेही विसरून चालत नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या हुल्लडबाजीनं हंगाम थांबवायची पाळी आलेली आहे. आपल्या शहरांत तर मोहल्ल्याचा संघ बघता बघता धर्माचा किंवा जातीचा होऊ शकतो. म्हणून संघ प्रभागाचा असावा, त्यात सगळ्या गल्ल्यांची पोरं असावीत, समर्थकांच्या बसायच्या जागा आखलेल्या असाव्यात आणि दंगा झाला तर संघाचे गुण कापले जावेत. अकोला-अमरावतीच्या जुन्या वस्त्यांत आजही फुटबॉलवर जीव टाकणारी माणसं आहेत, विशेषतः मुस्लिम मोहल्ल्यांत. त्यांना वगळून इथला फुटबॉल उभा राहत नाही, आणि त्यांच्यापुरता ठेवला तर वाढत नाही.

आणि अमरावती विरुद्ध अकोला? ही चुरस आपण वापरतच नाही. 2022 च्या जूनमध्ये या दोन शहरांमधल्या महामार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत झालं आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. त्या रस्त्यानं आता सकाळी निघालेला माणूस सामना बघून रात्रीच्या जेवणाला घरी पोचतो. दोन्ही जिल्ह्यांच्या साखळीतल्या विजेत्यांचा एक सामना अमरावतीत, एक अकोल्यात, अशी जोडी दरवर्षी त्याच दोन रविवारी झाली पाहिजे. मूर्तिजापूरच्या माणसानं कुणाच्या बाजूनं ओरडायचं, हा वाद त्याच्यावर सोडू.

एवढं करून यश आलं की नाही, हे अंतिम सामन्याच्या गर्दीवरून ठरवू नका. अंतिम सामन्याला माणसं कुणीही जमवतो. डीजे लावला आणि लकी ड्रॉ ठेवला की झालं. मोजायचंच तर पाचव्या आठवड्यात मोजा, गुणतक्त्याच्या तळाशी असलेले दोन संघ खेळत असताना. त्या दिवशी दोनशे माणसं आपणहून आली, तर समजा वऱ्हाडात फुटबॉलला प्रेक्षक मिळाला.