इथे पोलिसांच्या गाड्या परीक्षेला बसतात!

मिशिगनमधलं ग्रॅटन. ग्रँड रॅपिड्सच्या जवळ, आजूबाजूला शेतं आणि मध्येच २ मैलांचा वळणदार रेस ट्रॅक. फोर्ड, शेवरले, डॉजच्या पेट्रोलिंगच्या गाड्या मिशिगन स्टेट पोलिसांनी वर्षानुवर्षं इथे पिदडल्यात. टॉप स्पीड आणि ब्रेकची टेस्ट मात्र चेल्सीला. ताशी ६० मैलांवरून पुन्हा पुन्हा करकचून ब्रेक! पाठलागात जीव त्यावरच असतो ना.

मला भावली ती सीटची परीक्षा. रेडिओ, सायरनची बटणं पटकन हाताला येतात का, हेही तपासतात. अख्खी ड्यूटी त्याच सीटवर काढायची, बॉस! आपल्या ऑफिसच्या खुर्चीसाठी एवढं कोण करतं?

२०२१मध्ये फोर्डची मस्टँग मॅक-ई ही पूर्ण इलेक्ट्रिक गाडीही इथे पास झाली. फक्त ऐन रात्रपाळीत ती चार्ज कुठे करायची, हे ट्रॅकवर कळत नाही.