बडोद्याची लहान आगगाडी

बडोदे शहर मराठी माणसाला परके वाटत नाही. सरकारी कागदावर त्याचे नाव आता वडोदरा असले, तरी दांडिया बाजाराच्या बाजूने फिरताना एखाद्या जुन्या घराच्या ओसरीवरून मराठी बोल कानी पडतात, आणि आपण गुजरातेत आहोत याचा क्षणभर विसर पडतो. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या शेतकरी घरातील एक मुलगा १८७५ साली दत्तक होऊन येथल्या गादीवर बसला आणि पुढे महाराज सयाजीराव या नावाने सर्वांस ठाऊक झाला. त्यांनी वसविलेल्या बागा, ग्रंथालये व विद्यालये यांविषयी पुष्कळांनी लिहिले आहे. मला येथे लिहावयाचे आहे ते एका अगदी लहान वस्तूविषयी. आगगाडीविषयी, पण टेबलावर मावणाऱ्या आगगाडीविषयी.

आमच्या धर्मग्रामातून पन्नासएक वर्षांपूर्वी रेल्वेच्या नोकरीसाठी बडोद्यास गेलेले एक गृहस्थ आहेत. गावात सगळे त्यांना फिटरकाका म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. दोन वर्षांपूर्वी काकी वारल्या. त्यानंतर काका घरात फारसे बोलेनासे झाले, आणि आता ते दिवसभर लोखंडाच्या पट्ट्या, कानस नि पक्कड घेऊन बसतात, असे त्यांच्या सूनबाईंनी मला फोनवरून कळविले. "फादर, तुमचे ते ऐकतात. एकदा येऊन चार शब्द सांगा," असा तिचा आग्रह होता. नोव्हेंबरात सवड मिळताच मी वसईहून रात्रीची गाडी धरली.

पहाटे उतरल्यावर लगेच त्यांच्या दारात जाऊन उभे राहणे बरे दिसले नसते, म्हणून दुपारपर्यंतचा वेळ मी शहर पाहण्यात घालविला. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० सालचा. तो एवढा अफाट आहे की पाहणाऱ्याची नजर कोठे ठरत नाही. त्याच आवारात महाराजा फत्तेसिंग संग्रहालय आहे. ही इमारत मुळात राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेली. मुलांना शाळेत जाता येता यावे म्हणून आवारातील आंबराईभोवती लहानशी आगगाडी फिरत असे. तिचे इंजिन दुरुस्त करून आता संग्रहालयाच्या दाराशी ठेवले आहे. आत राजा रविवर्म्याची चित्रे टांगलेली आहेत. त्यांची कीर्ती मोठी, पण मी पाहत होतो तेवढ्या वेळात शाळेच्या सहलीची मुले त्या इंजिनाभोवतीच घोटाळत होती, आणि त्यांचे मास्तरही. आपल्याकडची मुले सायकलच्या रिंगेला काठी लावून गावभर पळत. राजाच्या मुलांना खरेखुरे इंजिन मिळाले. हौस मात्र दोघांची एकच.

बडोद्याला अशा लहान वस्तूंची परंपराच आहे असे म्हणावयास हरकत नाही. सयाजीरावांनी १८९० साली येथे कलाभवन स्थापिले. रंगकाम, यंत्रकाम, सुतारकाम अशा हाताच्या विद्या शिकवावयाच्या हा त्यामागील हेतू. आज महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयाची अभियांत्रिकी शाखा त्याच परंपरेत चालते. या कलाभवनात त्र्यंबकेश्वरचा एक तरुण शिकून गेला. धुंडिराज गोविंद फाळके हे त्याचे नाव. दादासाहेब फाळके म्हणून आपण ज्यांना ओळखतो तेच हे. चित्रकलेबरोबर ते येथे वास्तुकला आणि प्रतिकृती घडविण्याची विद्या शिकले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनासाठी त्यांनी आदर्श नाट्यगृहाची एक प्रतिकृती तयार केली, आणि तिला सुवर्णपदक मिळाले. पुढे वीसएक वर्षांनी मुंबईला गिरगावात त्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि त्यांच्या मनाने चित्रपटाचा ध्यास घेतला, ही हकीकत आपल्या वाचकांपैकी काहींना ठाऊक असेल. त्यातून १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' आला. पण तत्पूर्वी नाट्यगृहाची प्रतिकृती उभी करणारा हा बडोद्याचा विद्यार्थी मला अधिक जवळचा वाटतो. चित्रपट काढू लागल्यावरही त्यांची ही खोड गेली नाही. नुसत्या आगकाड्या हलवून त्यांनी एक लहानसा चित्रपट केला होता.

दुपारी प्रतापनगरच्या बाजूला गेलो. काकांचे घर तिकडेच. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्या, आणि गॅलरीत पत्र्याच्या आडोशाला त्यांचे कामाचे टेबल. सूनबाईने दार उघडले. चहा ठेवता ठेवता ती हळू आवाजात म्हणाली, "परवा डाख देताना बोट भाजून घेतले, फादर. हात थरथरतो, डोळ्यांना कमी दिसते. आणि काही विचारले तर हूं की चूं नाही." तिचा नवरा आतून म्हणाला, "बाबा आमच्याशी बोलत नाहीत, पण त्या इंजिनाशी बोलतात." तो हसून बोलला, पण ते हसणे खरे नव्हते.

गॅलरीत काका शेगड्यात पितळेचा तुकडा अडकवून कानस चालवीत होते. वय अठ्ठ्याहत्तर. मला पाहून उठू लागले तेव्हा मीच खाली बसविले. टेबलावर अर्धेमुर्धे इंजिन होते, ओंजळीएवढ्या रुंदीचे. या इंजिनाची कूळकथा सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

बडोद्याच्या संस्थानात डभोई ते मियागाम अशी आगगाडी १८६२ साली, खंडेराव गायकवाडांच्या काळात सुरू झाली. आपल्या देशातील ही पहिली अरुंदमापी गाडी. दोन रुळांतील अंतर अवघे अडीच फूट, आणि आरंभी ती ओढीत ते बैल! रुळावरून गाडी आणि गाडीपुढे बैलजोडी, हे दृश्य आज कोणी चित्रात काढले तर आपण चेष्टा समजू. रूळ हलके असल्यामुळे जड इंजिन त्यांवर घालता येत नव्हते, म्हणून हा उपाय. पुढे भारी रूळ आले, वाफेची इंजिने आली आणि डभोई हे या लहान गाड्यांचे मोठे जंक्शन झाले. काकांचे निम्मे आयुष्य प्रतापनगरला या इंजिनांची दुरुस्ती करण्यात गेले. आता ती इंजिने भंगारात गेली, एखाददुसरे शोभेला उरले. प्रतापनगर–डभोई मार्ग रुंद झाला आणि जानेवारी २०२१ पासून त्याच बाजूने मोठ्या गाड्या थेट केवडियापर्यंत धावू लागल्या. प्रवाशांची सोय झाली, यात शंका नाही. मात्र ज्या इंजिनाच्या पोटात शिरून काकांनी तरुणपण घालविले, त्याचा नकाशाही त्यांच्यापाशी नाही. "मोजमापे आहेत ती इथे," असे म्हणून त्यांनी उजव्या हाताची बोटे माझ्यापुढे धरली.

तरुणपणी त्यांना हा छंद होता. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी जुन्या मेकॅनोची एक पेटी घेतली होती. मेकॅनोचा जनक लिव्हरपूलचा फ्रँक हॉर्नबी हा कारकून होता. आपल्या मुलांसाठी त्याने पत्र्याच्या पट्ट्यांना समान अंतरावर भोके पाडून त्या नटबोल्टांनी जोडण्याची युक्ती काढली, १९०१ साली तिचे पेटंट घेतले, आणि १९०७ पासून ती मेकॅनो या नावाने जगभर गेली. एकाच पट्टीचा आज पूल, उद्या यारी, परवा गाडी. काकांच्या घरी पहिले मूल झाले तेव्हा रेल्वेच्या एका खोलीत पाळणा ठेवावा की ही पेटी, असा प्रश्न आला. पेटी माळ्यावर गेली. चाळीस वर्षांहून अधिक काळ ती तेथेच राहिली. काकी गेल्यानंतरच्या दिवाळीत नातू माळा झाडावयास चढला आणि त्याने ती खाली आणली.

आता गंमत पाहा. मेकॅनोच्या दोन भोकांतील अंतर अर्धा इंच असते. काकांनी ठरविले की खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला आपला अर्धा इंच धरावयाचा. म्हणजे एक भोक बरोबर एक फूट! टेप लावण्याची गरज नाही, भोके मोजली की झाले. अडीच फुटांचा रूळमार्ग सव्वा इंचाचा झाला. लांबी चोवीस पटींनी कमी झाली. पण वजन चोवीस पटींनीच कमी होत नाही. लांबी, रुंदी, उंची तिन्ही लहान झाल्यामुळे ते चोवीस गुणिले चोवीस गुणिले चोवीस, म्हणजे १३,८२४ पटींनी घटते. वीस टनांचे इंजिन हुबेहूब लहान केले तर दीड किलोच्या आतच भरेल. नववीत शिकणाऱ्या नातवाने हा हिशेब माझ्यासमोर वहीवर करून दाखविला. घनफळाचा धडा त्याला शाळेत कंटाळवाणा वाटला होता, हे त्यानेच सांगितले. आजोबा त्याला पुढे समजावीत होते की पाणी मात्र लहान इंजिनातही तेवढ्याच उष्णतेला उकळते, म्हणून खरी वाफ करावयाची नाही, चाके लहानशा मोटारीने फिरवावयाची. दट्ट्या पुढेमागे जातो, दांड्याने चाक फिरते, आणि दट्ट्या टोकाला पोहोचण्याच्या किंचित आधीच झडप वाफेचा मार्ग बदलते. ते 'किंचित' किती, हे दाखविताना थरथरणारे बोट स्थिर झाले. मी मुद्दाम पाहत होतो.

मी ज्या कामासाठी आलो होतो त्याचे काय? सूनबाईची काळजी खोटी नव्हती. तापलेले हत्यार आणि कापणारा हात यांची जोडी चांगली नाही. पण पेटी पुन्हा माळ्यावर टाका, असे सांगण्यास माझी जीभ रेटेना आणि बुद्धीलाही ते पटेना. रिकामपणात बसून भिंतीकडे पाहणाऱ्या म्हाताऱ्यांना मी दर आठवड्याला भेटत असतो. तेव्हा मी काकांना एवढेच म्हटले की डाख देण्याचे काम नातू घरी असेल तेव्हाच करावे आणि ते त्याच्या हातून करवून घ्यावे, टेबलावर बैठकीचे भिंग व चांगला दिवा लावावा, आणि डोळे एकदा दाखवून यावे. काकांनी मान डोलावली. "भिंगाचे मी बघतो," असे मुलगा आतून म्हणाला.

रात्री जेवताना त्याने वडिलांना प्रथमच सरळ प्रश्न विचारला. इंजिनाच्या मागे एक डबाही चालला होता, आणि त्याच्या सगळ्या खिडक्या सोडून एकाच खिडकीला काकांनी लाकडाची बारीक झडप बसविली होती. "बाबा, इंजिन समजले. डबा कशाला?"

काका बराच वेळ भात कालवीत राहिले. मग म्हणाले, "लग्न झाल्यावर तुझ्या आईला चांदोदला नर्मदा दाखवायला नेली, ती याच गाडीने. तिसऱ्या खिडकीत बसली होती. कोळशाची कणी डोळ्यात गेली तरी खिडकी बंद करू देईना."

कोणी काही बोलले नाही. सूनबाईने त्यांना आणखी आमटी वाढली. जेवणानंतर बापलेक गॅलरीत गेले आणि मला झोप लागेपर्यंत त्यांचे बोलणे ऐकू येत होते. बहुतेक चाकांच्या आऱ्यांविषयी होते.

हा छंद श्रीमंतांचा, असे आपल्या वाचकांपैकी कोणी म्हणेल. तयार संच महाग असतात हे खरे. परंतु पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी सुरू झाले, त्याचाही उगम एका माणसाच्या हौसेतच आहे. मुलांना घेऊन पुण्यास गेलात तर ते अवश्य पाहावे. आणि ज्यांना एक पैसाही खर्चावयाचा नाही त्यांच्यासाठी अरविंद गुप्ता यांची युक्ती आहे. पुण्याच्या मोटार कारखान्यातील हा अभियंता १९७८ मध्ये होशंगाबादच्या खेड्यांत शाळेतील मुलांना विज्ञान शिकविण्याच्या कामात गेला, आणि तेथे त्याने सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे व आगकाड्या एवढ्यावर मेकॅनो बनविला. ट्यूबचा बोटभरही नाही असा तुकडा, दोन बाजूंनी दोन काड्या, की सांधा तयार. तीन काड्यांचा त्रिकोण हलत नाही, चारांचा चौकोन लगेच कलतो. घराच्या छपराला कैची का घालतात हे मुलाला यापेक्षा सोप्या रीतीने कळणार नाही. नाताळच्या गोठ्याचे छप्पर यंदा आपल्या युवकांनी याच पद्धतीने करून पाहावे. ते बांबूपेक्षा हलके होईल.

काकांचे इंजिन अद्याप पुरे झालेले नाही. परवाच्या फोनवर नातवाने कळविले की भिंग आले आहे आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आहे. अडले आहे ते दोन पट्ट्यांपाशी. अकरा भोकांच्या, साडेपाच इंच लांबीच्या दोन मेकॅनो पट्ट्या डब्याच्या सांगाड्यास कमी पडत आहेत, आणि चोरबाजारात त्या सुट्या मिळाल्या नाहीत. कोणाच्या माळ्यावर जुनी पेटी पडून असेल, तर त्या दोन पट्ट्या रविवारी मिस्सानंतर कार्यालयात आणून द्याव्यात. गंजलेल्या असल्या तरी चालतील. मी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा बडोद्यास जाणार आहे.