दिवे घाट, सकाळी सातचं फ्लाइट

रिमोटचं हेलिकॉप्टर उडवायला शिकायचं म्हणजे काय? सहा महिने, चौदा पाती आणि एक धडा, जो कुठल्याच मॅन्युअलमध्ये नव्हता.

रविवारी पहाटे साडेपाचचा अलार्म लावणारे पुणेकर दोन प्रकारचे. सिंहगडावर जाणारे आणि सिंहगडावर जायचं ठरवून अलार्म बंद करून पुन्हा झोपणारे. मी वर्षानुवर्षं दुसऱ्या गटातली. गेल्या हिवाळ्यात मात्र मला तिसरा गट सापडला. ही मंडळी हडपसर मागे टाकून सासवड रस्त्याला लागतात, दिवे घाट चढतात, खाली मस्तानी तलावाकडे एक नजर टाकतात, वरच्या विठ्ठलाच्या मूर्तीला गाडीतूनच हात जोडतात आणि पुढे एका कच्च्या रस्त्याने माळावर शिरतात. डिकीत स्लीपिंग बॅग नसते. हेलिकॉप्टर असतं.

माझ्याकडे ते आलं ऑफिसमधून. आमच्या टीममधला एक जण कॅनडाला निघाला होता. फ्रिज, बीन बॅग, वॉशिंग मशीन सगळं खपलं. उरलं एक खोकं. 'पंधरा हजारात सगळं घे, रेडिओ, चार्जर, चार बॅटऱ्या,' तो म्हणाला. मी खराडीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या गोष्टी मोडायचा मला पगार मिळतो. म्हटलं, स्वतःच्या पैशाने मोडून बघू!

'ड्रोनसारखं असतं ना?'

नाही. आणि हा गैरसमज मला पहिल्याच रविवारी महागात पडला. जीपीएसवाल्या ड्रोनच्या स्टिक सोडून दिल्या, की तो आहे तिथेच शहाण्यासारखा थांबतो. माझ्या हेलिकॉप्टरच्या स्टिक सोडल्या, की ते दोन सेकंदांत कुठेतरी निघून जातं, आणि ते 'कुठेतरी' बहुधा जमीन असते.

वरचा मोठा पंखा एका दिशेने फिरतो, म्हणून यंत्राचं धड उलट्या दिशेने फिरू पाहतं. त्याला अडवायला शेपटीवर छोटा पंखा. शेपटी स्थिर राहावी म्हणून गायरो. वर-खाली जाण्यासाठी पंख्याचा वेग बदलायचा नसतो, पात्यांचा कोन बदलायचा. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे जायचं तर तो कोन प्रत्येक फेऱ्यात कमी-जास्त व्हावा लागतो. ते काम पंख्याखालची स्वॅशप्लेट नावाची तबकडी करते. हे सगळं तुमच्या दोन अंगठ्यांवर. डाव्या स्टिकवर उंची आणि शेपटी, उजवीवर झुकाव. एक हलवलं की बाकीची तीन बिघडतात.

पहिल्या रविवारी माझं उड्डाण चार सेकंद टिकलं. त्यातले तीन सेकंद मी किंचाळत होते.

माळावरची शाळा

आमच्या माळावर पाच-सहा जण नेमाने येतात. एक डेंटिस्ट, इंजिनीअरिंगची दोन मुलं, एक बँकवाला आणि सगळ्यांचे गुरू म्हणजे काका. काका संरक्षण खात्याच्या कारखान्यातून रिटायर झालेत. डोक्याला मफलर, खिशात छोट्या पान्यांचा सेट, थर्मासमध्ये आल्याचा चहा. त्यांनी माझं तुटलेलं पातं उचललं, उन्हात धरलं आणि म्हणाले, 'पोरी, आता महिनाभर इकडे फक्त चहाला ये. उडव घरी.'

घरी म्हणजे सिम्युलेटरवर. रेडिओ लॅपटॉपला जोडायचा आणि स्क्रीनवरचं हेलिकॉप्टर आपटायचं. तिथे पाती फुकट असतात. रोज रात्री जेवणानंतर अर्धा तास. सासूबाई सीरियल बघताना मधूनच विचारायच्या, 'पडलं का गं?' पडलेलंच असायचं.

महिन्याभराने काकांनी हेलिकॉप्टरखाली दोन काठ्या फुलीसारख्या बांधून दिल्या. टोकांना प्लॅस्टिकचे चेंडू. हे शिकाऊ पाय. कलंडायला लागलं तरी सावरतं. मग त्यांच्या तीन सूचना, ज्या मी अजून पाळते.

पहिली, शेपटीकडे नाही, नाकाकडे बघ. दुसरी, घाबरून जमिनीलगत उडवू नकोस. गुडघ्याच्या खाली पंख्याचाच वारा जमिनीवर आपटून यंत्राला हेलकावे देतो. कमरेएवढी उंची घे, तिथे हवा शांत असते. तिसरी, मोठी चूक सुधारू नकोस, लहान असतानाच सुधार.

तिसरी सगळ्यात अवघड. एका जागी तरंगणं, ज्याला होव्हर म्हणतात, ते लांबून बघताना काहीच घडत नसल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात अंगठे सेकंदभरही गप्प नसतात. तिळाएवढं डावीकडे, तिळाएवढं मागे. ऑफिसात आठवडाभर एखादा प्रॉब्लेम दाबून ठेवून शुक्रवारी संध्याकाळी मोठ्ठा ईमेल लिहिणाऱ्या माझ्यासारखीला हे शिकायला तीन महिने लागले.

वेळही हिवाळ्यातल्या सकाळचीच. सूर्य वर आला की साडेनऊच्या सुमारास घाटातून वारा चढतो आणि आमचं दुकान बंद. मग कोपऱ्यावरच्या टपरीवर वडापाव. सीताफळाचा सीझन तोवर संपलेला असतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये पुरंदरचे अंजीर येतात. पाटीभर अंजीर आणि तुटलेलं हेलिकॉप्टर घेऊन घरी गेलं, की अंजिरांकडे आधी लक्ष जातं. अनुभवाचे बोल!

तो रविवार

आता जे सांगते आहे ते माझ्या घरी बरेच दिवस माहीत नव्हतं.

माळावर एक धनगर आजोबा मेंढ्या घेऊन येतात. बरोबर त्यांचा नातू, आठ-नऊ वर्षांचा. आमच्या यंत्रांवर त्याची नजर खिळलेली. त्या दिवशी मी सलग दीड मिनिट होव्हर करून अलगद उतरवलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हवेत! रेडिओ गळ्यात लटकवला आणि हेलिकॉप्टर आणायला निघाले. तो मुलगाही दुसऱ्या बाजूने पळत आला.

रेडिओवर थ्रॉटल होल्ड नावाचं एक बटण असतं. उतरल्यावर ते दाबलं, की स्टिक कितीही हलली तरी मोटर चालू होत नाही. मी ते दाबलं नव्हतं. टाळ्यांच्या नादात विसरले. वाकताना जॅकेटची चेन स्टिकला अडकली आणि स्टिक वर गेली.

माझ्या हेलिकॉप्टरचा पंखा टोकापासून टोकापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. मिनिटाला २,५०० फेरे धरले तर पात्याच्या टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटर होतो. हा हिशोब मी नंतर केला. त्या क्षणी फक्त आवाज ऐकला, आणि त्यावर काकांची आरोळी, 'होल्ड!' अंगठा बटणावर जाईपर्यंत यंत्र कलंडलं होतं. पाती जमिनीवर आपटून फुटली. एक तुकडा मुलाच्या बाजूने सूं करून गेला आणि मागे गवतात पडला.

मुलाला काही झालं नाही. त्याला तर ती गंमतच वाटली. मी मात्र खाली बसले ती बसलेच.

२०१३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये १९ वर्षांच्या एका अनुभवी तरुणाचा स्वतःच्याच रिमोट हेलिकॉप्टरचं पातं लागून मृत्यू झाला होता. हे मला माहीत होतं. वाचलं होतं, आणि 'आपलं तर छोटं आहे' म्हणून सोडूनही दिलं होतं.

तीन रविवार मी गेले नाही. खोकं माळ्यावर टाकलं. विकायची जाहिरातही लिहून ठेवली. चौथ्या शनिवारी काकांचा फोन आला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, 'विकायचं तर वीक. पण आधी आजोबांना भेटून जा.'

गेले. आजोबांना सगळं सांगितलं, चूक माझीच होती हेही. त्यांनी ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, 'ताई, कोयता घरात असतोच की. पोराला शिकवावं लागतं, आन् धरणाऱ्यालाबी.'

काकांनी त्या दिवशी फक्कीने माळावर एक पांढरी रेघ मारली. पंखा फिरतोय तोवर पायलट सोडून सगळे रेघेच्या मागे. ती रेघ आता दर रविवारी मी मारते.

नाक आपल्याकडे

पुढची पायरी म्हणजे हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे करून होव्हर. सगळं उलटं. ते डावीकडे कलतंय म्हणून तुम्ही सवयीने सावरता, आणि ते आणखी डावीकडे जातं. काकांची युक्ती सोपी आहे, ज्या बाजूला पडतंय त्या बाजूला स्टिक ने, खालून टेकू दिल्यासारखी. मला ते जमायला दोन महिने आणि आणखी चार पाती लागली. आता अर्धी बॅटरी निघते.

हे माळरान किती वर्षं आमचं राहील, कोण जाणे. पुरंदरच्या विमानतळाची घोषणा २०१६ मध्ये झाली. तेव्हापासून जमिनी जाणाऱ्या गावांचा विरोध आणि मोर्चे आम्ही जाता-येता बघतोय. खरी विमानं आली, तर आमच्या चिमुकल्यांना इथलं आकाश बंद होऊ शकतं. पण टपरीवर अंजीरवाले शेतकरी बोलत असतात तेव्हा आम्ही आमचं रडगाणं गात नाही. आमचा रविवार जाईल, त्यांची बाग जाईल.

गेल्या रविवारी बॅटरी संपता संपता उतरवलं. धूळ बसली. रेघेच्या पलीकडून मेंढ्यांमधून आवाज आला,

'ताई, होल्ड?'

मी बटण दाबलं, दोनदा तपासलं आणि ओरडले, 'होल्ड!'

मग तो पळत आला.

तुम्हालाही उडवायचंय?

• आधी सिम्युलेटर, मग हेलिकॉप्टर. उलटं केलं तर खर्च दुप्पट.
• पहिलं यंत्र तळहाताएवढं घ्या. एकावर एक दोन पंखे असलेलं सर्वांत स्थिर, हॉलमध्येही चालतं.
• लायपो बॅटरी एकटी चार्जिंगला ठेवून झोपू नका. फुगलेली बॅटरी वापरू नका.
• २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार आकाशाचे हिरवे, पिवळे, लाल भाग पाडलेत. विमानतळ आणि लष्करी जागांजवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. सरकारी नकाशा आणि सध्याचे नियम आधी तपासा.
• एकटे शिकू नका. 'होल्ड!' म्हणून ओरडणारं कुणीतरी बरोबर हवंच.