आबांचा तालुका

गणपतराव देशमुख, म्हणजे सांगोल्याचे आबा, ३० जुलै २०२१ ला सोलापुरात वारले, तेव्हा सगळीकडे एकच आकडा छापून आला: अकरा वेळा आमदार. आकडा खराच आहे. पण सांगोल्याची माणसं आबांची आठवण काढतात तेव्हा निवडणुका मोजत बसत नाहीत. ती आधी पाण्याविषयी बोलतात.

माणदेशातला हा पर्जन्यछायेतला तालुका. माण नदीच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळूच जास्त दिवस दिसायची. पाऊस चुकला की घरं उठायची. कोणी रोजगार हमीची खडी फोडायला, कोणी ऊसतोडीला. मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचा एक तरुण वकील इथे शेतकरी कामगार पक्षाचा लाल बावटा घेऊन उभा राहिला आणि १९६२ साली विधानसभेत गेला. राज्यात सरकार काँग्रेसचं, पक्ष विरोधातला आणि तालुका कोरडा. अशा ठिकाणी राजकारण करायचं म्हणजे आयुष्यभर मागत राहायचं, हे त्यांनी त्याच वेळी मनाशी धरलं असावं.

१९७२ ला ते हरले. १९७४ च्या पोटनिवडणुकीत लोकांनी त्यांना परत पाठवलं. १९९५ ला थोडक्यात हरले, १९९९ ला पुन्हा निवडून आले. १९७८ आणि १९९९ च्या सरकारांत मंत्रिपद मिळालं, बाकी बहुतेक काळ विरोधी बाकांवर गेला. भोवतालचे कितीतरी जण सत्तेच्या दिशेने सरकले. आबांनी पक्ष सोडला नाही आणि तालुक्याने आबांना.

एसटीत आमदारासाठी एक आसन राखीव असतं. आबा त्या आसनावर खरोखर बसायचे. शेजारी बसलेल्याला विहिरीचं, पेन्शनचं, पोराच्या नोकरीचं गाऱ्हाणं सांगायला मुंबईची वाट धरावी लागत नसे. कष्टकऱ्यांचा पक्ष म्हणजे काय, हे अनेकांना त्या प्रवासात कळलं. फारसा कापूस न पिकणाऱ्या या तालुक्यात त्यांनी सहकारी सूतगिरणी उभी केली आणि पुढे महिलांची वेगळी गिरणीही निघाली. ज्या घरांतून माणसं कामासाठी बाहेर पडायची, तिथल्या काहींना गावाजवळ पगार मिळू लागला.

आणि पाणी. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आबा आणि तेरा दुष्काळी तालुक्यांतली माणसं एकाच मागणीसाठी जमायची: कृष्णेच्या पाण्यात आमचाही वाटा आहे. नदी खाली आणि आमची रानं वर. पंपांनी टप्प्याटप्प्याने उचलल्याशिवाय ते पाणी इकडे येणं शक्य नव्हतं. टेंभू, म्हैसाळ या उपसा योजना कागदावर आल्या, मग पैशांअभावी रखडल्या. कालवे झाले तर पंप नाहीत, पंप बसले तर विजेचं बिल कोण भरणार? अशा कामात एका भाषणाने काही हलत नाही. दर अधिवेशनाला उठून तोच प्रश्न विचारावा लागतो आणि मागच्या वेळच्या उत्तराची मंत्र्यांना आठवण करून द्यावी लागते. आबांनी ते केलं, केस पांढरे होऊन गेल्यावरही केलं.

२०१९ ला नव्वदी ओलांडलेल्या आबांनी निवडणूक लढवली नाही. तोवर त्यांचा पक्षही राज्यात आटत गेला होता. आज सांगोल्याचं डाळिंब दूरवर जातं, कालव्यांतून पाणी खेळतं. पण शेवटच्या रानापर्यंत हक्काचं पाणी ही मागणी संपलेली नाही. आबांची उणीव भासते ती इथे. त्यांच्या साधेपणाचं कौतुक करून आपण मोकळे होतो, तेव्हा त्यांच्या कामातला अवघड भाग बाजूला राहतो. उत्तर मिळेपर्यंत एकच प्रश्न पन्नास वर्षं धरून ठेवणारा माणूस आपल्यातून गेला आहे. तसा पुन्हा घडायचा, तर एकदा हरला म्हणून त्याला न विसरण्याइतका धीर मतदारांकडेही असावा लागतो. सांगोल्याने तो १९७४ ला दाखवला, १९९९ ला दाखवला. आबा घडले त्यात या धीराचाही वाटा होता, आणि तो आपण अजून देऊ शकतो.