पट्ट्याच्या टोकाला नदी

बीव्हर्टन, ओरेगन

प्रिय मेघा,

तुझा व्हॉइस मेसेज ओट्यापाशी उभी राहून ऐकला आणि मग मंदारलाही ऐकवला. काळू गल्लीतून घरात आला, घरातून सोफ्यावर चढला, आणि आता डिसेंबरात भंडारदऱ्याला तुमच्याबरोबर तंबूत झोपणार! प्रगती आहे. "तुम्ही तिकडे गंप्याला घेऊन सारखे नदीकाठी पडलेले असता, तर काय काय सांभाळायचं ते नीट लिहून पाठव," म्हणालीस. फोनवर अंगठ्याने एवढं लिहिणं माझ्याच्याने होत नाही, म्हणून हे ऐसपैस पत्र. चहा घेऊन बस.

सगळ्यात आधी मुद्द्याचं सांगते. आपण नदी डोळ्यांनी बघतो, कुत्रं ती तोंडाने बघतं. आपण काठावर बसून "काय सुंदर आहे गं" म्हणत असतो, तेवढ्यात गंप्या ती नदी प्यायलेला असतो, दगड चाटून झालेले असतात आणि काठावर मेलेलं काही सापडलंच तर त्यात लोळूनही झालेलं असतं. लोक कुत्र्याला पोहता येईल का याची काळजी करतात. मी त्याच्या पोटात काय जाईल याची करते. इकडचे निम्मे नियम याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे सेलमवरून हायवे 22 धरायचा आणि कॅस्केड्सच्या डोंगरांत शिरायचं. वाटेत डेट्रॉइट लेक लागतं. मिशिगनमधलं मोटारींचं डेट्रॉइट नव्हे, हे ओरेगनमधलं छोटंसं गाव. नॉर्थ सँटियम नदीवर 1953 साली धरण पूर्ण झालं, जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि लोकांनी ते वर काठावर पुन्हा वसवलं. धरणात गाव जाणं म्हणजे काय हे नाशिक-नगरच्या माणसाला वेगळं समजवायला नको. ते वसवलेलं गाव 2020 च्या सप्टेंबरातल्या वणव्यात बहुतेक जळालं. आता पुन्हा घरं उभी राहिली आहेत, पण वरच्या डोंगरावर काळे खुंट अजून दिसतात.

तिथे तलावाकाठी स्टेट पार्कचं मोठं कॅम्पग्राउंड आहे. कॅम्पग्राउंड म्हणजे आखून दिलेल्या जागा. प्रत्येक जागेला नंबर, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं, गाडी लावायला फरशी. उन्हाळ्यातले शनिवार-रविवार हवे असतील तर सहा महिने आधी बुकिंग उघडतं तेव्हाच टपून बसावं लागतं. कुत्र्याला मज्जाव नाही, पण अटी आहेत. पट्टा सहा फुटांपेक्षा लांब चालत नाही. कुत्र्याला जागेवर एकटं सोडून जायचं नाही. रात्री दहा ते सकाळी सात आवाज नको, आणि त्यात भुंकणंही आलं. दोरी बांधून आखलेल्या पोहण्याच्या जागी कुत्र्याला नेता येत नाही, तिथे मुलं खेळत असतात. शी उचलायची, पिशवीला गाठ मारायची आणि ती पिशवी कचऱ्याच्या डब्यापर्यंत पोचवायची. झाडाखाली ठेवून "येताना घेऊ" म्हणणारे इथेही भेटतात. त्यांना माझा पुणेरी कटाक्ष मिळतो.

सहा फूट म्हणजे किती कमी, हे गंप्यासारखा तीस किलोचा लॅब्रेडॉर टेबलाच्या पायाला गुंडाळला गेल्यावर कळतं. तो एका बाजूने जातो, दुसऱ्या बाजूने येतो, मधल्या खुर्चीला वेढा घालतो आणि मग आपण अडकलोय असा चेहरा करून माझ्याकडे बघत उभा राहतो. मी उठायचं, त्याला उलटं फिरवून सोडवायचं, चहा थंड. शेकोटीभोवती गरम कढई असताना तर हे अजिबात परवडत नाही. म्हणून स्वयंपाक करताना पट्टा मंदारच्या हातात आणि मंदार खुर्चीत, हे आमच्या घरचं कामवाटप.

आता त्या तलावाच्या पाण्याबद्दल. उन्हं तापली, पाणी संथ झालं की तलावांत निळं-हिरवं शेवाळ धरतं. शेवाळ आपलं म्हणायला, खरं तर ते जिवाणू असतात, आणि त्यांच्यातले काही विष तयार करतात. 2018 मध्ये उन्हाळ्याच्या तोंडावर याच डेट्रॉइट लेकमध्ये ते इतकं माजलं की खाली सेलम शहराच्या नळाला विष उतरलं. लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी नळाचं पाणी पिऊ नये अशी सूचना निघाली आणि दुकानांतल्या पाण्याच्या बाटल्या बघता बघता संपल्या. हे विष उकळून जात नाही, आपल्या प्रवासातल्या फिल्टरनेही जात नाही. माणूस असलं पाणी बघूनच मागे सरतो. कुत्रं आत जातं, पितं, बाहेर येऊन अंग झटकतं आणि मग निवांत बसून केस चाटतं. विष पिण्यातून जातं तसं या चाटण्यातूनही पोटात जातं. लाळ गळणं, पाय लटपटणं, झटके, हे काही मिनिटांतही सुरू होऊ शकतं आणि त्यावर उतारा नाही. आणि हा धोका फक्त तलावातच असतो असं नाही. दक्षिणेकडच्या अम्प्क्वा नदीच्या काठी खडकांत कोंडलेली डबकी असतात. नदी वाहती आणि स्वच्छ दिसते, धोका असतो त्या डबक्यांत. म्हणून आमचा नियम असा आहे की पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय दिसली किंवा काठाला फेस आणि कुजका वास असला, तर गंप्याचा पाय ओला होत नाही. पिण्याचं पाणी घरून आणलेलं, त्याच्या वाडग्यात, आणि पाण्यावर नेण्याआधी भरपूर पाजलेलं. तहानलेल्या कुत्र्याला तलाव दाखवून "पिऊ नको" सांगण्यात अर्थ नाही.

दुसरी गोष्ट तुला गोष्टीतली वाटेल. इथे पावसाळी शरदात सॅमन मासे समुद्रातून उलटे नद्यांत चढून येतात, अंडी घालतात आणि मरतात. काठावर हातभर लांबीचे मासे पडलेले. अस्वलं खातात, रॅकून खातात, गरुड खातात, कुणाला काही होत नाही. कुत्र्याने खाल्ला तर मात्र जिवावर बेततं. कच्च्या सॅमनमध्ये, ट्राउटमध्येही, एक बारीक कृमी असतो आणि त्या कृमीच्या पोटात एक जिवाणू. हा कृमी इकडच्या नद्यांतल्या एका विशिष्ट गोगलगाईतून माशात येतो. त्यामुळे हा रोग कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागापासून वॉशिंग्टनपर्यंत, मुख्यतः डोंगरांच्या पश्चिमेला दिसतो. मासा खाल्ल्यावर साधारण आठवड्याने ताप, उलट्या, जुलाब, खाणं बंद. तोवर आपण मासा विसरलेलो असतो! वेळेत ओळखलं तर साध्या अँटिबायोटिकने आणि जंताच्या औषधाने कुत्रं बरं होतं. ओळखलं नाही तर बहुतेक कुत्री दगावतात. त्यामुळे इकडे कुत्रं आजारी पडलं की व्हेटचा पहिला प्रश्न असतो, "नदीवर नेलं होतं का? मासा खाल्ला का?" ऑक्टोबरात नदीकाठी गेलो की मी पट्टा दोनदा मनगटाला गुंडाळते.

डेट्रॉइट ओलांडून घाट चढून पलीकडे उतरलं की मटोलियस नदी. माझी सगळ्यात लाडकी. ही नदी ब्लॅक ब्यूट नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी जमिनीतून एकदम वर येते. उगम म्हणजे थेंब-थेंब झरा नव्हे, पहिल्या क्षणापासून वाहती नदी. पाणी वर्षभर साधारण नऊ अंश सेल्सिअस. कॅम्प शर्मन या वस्तीच्या आसपास काठाने वनखात्याची छोटी छोटी कॅम्पग्राउंड्स ओळीने लागतात. झाडं पाँडेरोसा पाइनची, उंच, लालसर सालीची. उन्हात सालीला नाक लावलं तर चक्क व्हॅनिलाचा वास येतो. गंप्याला त्या वासाचं काही नाही, त्याला बुंध्याशी आधी कोण येऊन गेलं याचा पत्ता हवा असतो.

तिथे पोचलो की तंबू लावण्याआधी मी त्याला जागेभोवती एक चक्कर मारून आणते. तो नाक जमिनीला टेकवून टेबल, शेकोटीचं कडं, शेजारच्यांची हद्द, सगळं तपासतो. एकदा ही तपासणी झाली की तो आडवा होतो आणि रात्री खुसफुस झाली तरी भुंकत नाही. ही चक्कर चुकवून थेट तंबूत कोंबलेलं कुत्रं रात्रभर शेजाऱ्यांना जागवतं. काळूसाठी ही युक्ती लक्षात ठेव, ती फुकट आहे.

मटोलियसमध्ये त्याला पोहायला मात्र सोडत नाही. पाणी काचेसारखं स्वच्छ असलं तरी ओढ जबर आहे, आणि पडलेली झाडं प्रवाहात आडवी असतात. पाणी फांद्यांतून निघून जातं, जनावर अडकतं. पोहायचं ते संथ तलावात, पाठीवर मूठ असलेलं जॅकेट घालून. वेळ आली तर त्या मुठीला धरून कुत्र्याला पिशवी उचलावी तसं वर घेता येतं. थंड पाण्यात खूप पोहलं की काही कुत्र्यांची शेपटी दुसऱ्या दिवशी मोडल्यासारखी लोंबते. स्नायू आखडलेले असतात, दोन-चार दिवसांत ठीक होतं. काठी पाण्यात फेकून आणायला लावण्याचा खेळही थोडाच वेळ. दर खेपेला तोंड उघडं असल्यामुळे घोट घोट पाणी पोटात जातं, आणि ते अति झालं तर रक्तातलं मीठ उतरून कुत्रं गंभीर आजारी पडतं. काठावर मासेमारांनी टाकलेले गळ आणि तंगूस आधी बघून घ्यायचे, आमिषाचा वास त्यांना अजून असतो.

संध्याकाळी जेवणं झाली की तपासणी. डोक्याला टॉर्च, गंप्या सतरंजीवर उताणा. कानामागे, बगलेत, मांडीच्या घडीत, बोटांच्या बेचक्यांत मी उलट्या केसांतून बोटं फिरवते. तिळाएवढा खडा हाताला लागला आणि तो हलत नसला की गोचीड. चिमट्याने कातडीला अगदी लगटून धरायचं आणि सरळ, सावकाश ओढायचं. रॉकेल, काडी, चुना, हे आजोळचे उपाय करायचे नाहीत. त्याने गोचीड आणखी लाळ आत सोडतं. तपासणीनंतर गंप्याचं खाणं, वाडगा, खाऊ, सगळं गाडीत कुलुपात. बाहेर राहिलं तर रॅकून येतात, अस्वलही येऊ शकतं. गंप्या मात्र तंबूत, आमच्या दोघांच्या मध्ये. सकाळी आम्ही दोघं कडेला कापडाला चिकटलेले असतो.

आता भंडारदरा. सॅमन तुझ्याकडे नाही, पण तुमच्या काठाला त्याचे स्वतःचे खेळ आहेत. अकोले तालुक्याच्या त्या सगळ्या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि बिबट्याला कुत्रं हे सोपं जेवण. अंधार पडला की काळू तंबूत, तुमच्याजवळ. बाहेर खुंटीला बांधून झोपायचं नाही, कॅम्पवाला "काही होत नाही मॅडम" म्हणाला तरी. रात्री त्याला शू करायला न्यायचं तर दोघांनी, टॉर्च घेऊन, पट्टा लावून. जायच्या आधी डॉक्टरकडे जा. रेबीजची लस चालू आहे का, लेप्टोची लस झाली आहे का, हे विचार. साचलेल्या पाण्यात उंदरांचं आणि गुरांचं मूत मिसळलं की लेप्टो पसरतो, आणि तो माणसालाही होतो. गोचिडांचं औषध आधीच दे, आपल्याकडचा गोचीड-ताप कुत्र्याचं रक्त पार उतरवतो. आणि गावातली कुत्री. काठ त्यांचा आहे, काळू पाहुणा. तोही एके काळी गल्लीचा राजा होता, तेव्हा त्याला हे पटणार नाही. त्याला पटवायचं काम पट्ट्याचं. शिवाय कॅम्प ठरवण्याआधी विचारून घे की रात्री स्पीकर लावतात का. पवनेकडच्या काही कॅम्पवर रात्रभर गाणी वाजतात म्हणे. कुत्र्याच्या कानांना ती शिक्षाच.

तू म्हणशील, एवढं सगळं सांभाळायचं तर मजा कसली? मजा आहे गं. घरी काळू तुमच्या वेळापत्रकावर जगतो, तिथे तुम्ही त्याच्या जगता. पण एक लक्षात ठेव. इथे कुत्र्यांना काठावर येऊ देतात ते लोक नियम पाळतात म्हणून, आणि जिथे पाळले नाहीत तिथे "कुत्री आणू नयेत" अशा पाट्या लागल्या आहेत. आपल्याकडे कुत्र्यासह राहू देणारे कॅम्प आत्ता कुठे सुरू होताहेत. तुम्ही काळूला पट्ट्यात ठेवलंत, त्याची घाण उचललीत, तर पुढच्या कुत्रेवाल्याला कॅम्पचा मालक नाही म्हणणार नाही. तेव्हा आजच सहा फुटांचा मजबूत पट्टा आणि पिशव्यांचं एक बंडल घे, आणि डॉक्टरची वेळ ठरवून मला कळव.

तुझी,
शलाका